हेलिकॉप्टर आर्मीचं, लॉगबुक आपलं

नेर तालुक्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलं आहे: मुलगी आत्ताच दहावी झाली, आर्मीत हेलिकॉप्टर उडवायचं म्हणते. आत शिरायचं कसं, काम नेमकं काय असतं, आणि वीस-पंचवीस वर्षांनी वर्दी उतरवली की पुढं काय? विमान कंपनीत सरळ लागता येतं का?

मी वर्धा जिल्ह्यातला. घरी पऱ्हाटी आणि तूर, बाप साधा कास्तकार. तोफखान्यात कमिशन मिळालं, तिथून एव्हिएशनमध्ये गेलो, निवृत्तीनंतर काही वर्षं नागरी हेलिकॉप्टर उडवलं आणि आता गावी राहून फवारणीच्या ड्रोनचं शिकवतो. त्यामुळं तीनही प्रश्नांवर अनुभवाचं बोलता येईल. भाऊ, आधी थोडक्यात सांगतो: मुलींना दार उघडं आहे, काम टीव्हीवर दिसतं त्याहून बरंच कष्टाचं आणि हमालीचं आहे, आणि विमान कंपनीत सरळ लागता येत नाही. तिसऱ्या गोष्टीवर जास्त लिहिणार आहे, कारण पोरं आत जायचं कसं हे विचारतात, बाहेर यायचं कसं हे कोणी विचारत नाही.

लोकांचा पहिला गोंधळ इथंच होतो की हेलिकॉप्टर म्हणजे एअर फोर्स. आर्मीचं स्वतःचं उडणारं दल वेगळं आहे. स्वातंत्र्याच्या काळापासून तोफखान्याकडं छोटी विमानं होती. गोळा कुठं पडतोय ते वरून पाहून खाली सांगायचं, एवढंच त्यांचं काम. त्याला एअर ओपी म्हणत. १ नोव्हेंबर १९८६ ला त्यातून आर्मी एव्हिएशन कोअर हे वेगळं दल उभं राहिलं. आमच्या वेळी उड्डाण शिकायला हैदराबादजवळ हकीमपेठला, वायुदलाच्या शाळेत जावं लागायचं. २००३ पासून नाशिक रोडला आर्मीची स्वतःची शाळा आहे. म्हणजे विदर्भातल्या पोरीला आता महाराष्ट्रातच शिकायला मिळतं.

मुलींचं म्हणाल तर आर्मी एव्हिएशनमध्ये महिला अधिकारी पूर्वीही होत्या, पण जमिनीवरच्या कामात. २०२१ मध्ये पायलट म्हणून निवड सुरू झाली आणि मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक नाशिकच्या शाळेतून पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर म्हणून बाहेर पडल्या. त्याच वर्षी एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. तेव्हा तुमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोणी म्हणालं की हे पोरींचं काम नाही, तर ती चर्चा दिल्लीत आणि नाशिकला कधीच संपली आहे, असं सांगा.

रस्ते दोन आहेत. बारावीला असताना एनडीए: तीन वर्षं खडकवासला, मग अॅकॅडमीत एक वर्ष. नाहीतर पदवी करून सीडीएस या यूपीएससीच्या परीक्षेमार्गे चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अॅकॅडमी, तिथं ४९ आठवडे. दुसऱ्या रस्त्याने शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळतं, दहा वर्षांचं आणि पुढं चार वर्षं वाढवता येणारं. अधिकाऱ्याला पेन्शन वीस वर्षांच्या नोकरीवर आहे, त्यामुळं शॉर्ट सर्व्हिसवाला चौदा वर्षांनी बाहेर पडला तर ग्रॅच्युइटी घेऊन येतो, पेन्शन नाही. फेब्रुवारी २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर महिला अधिकाऱ्यांनाही पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतच्या नोकरीचा रस्ता मोकळा झाला, पण तो मागावा लागतो आणि त्यातही निवड असते. दहावी झालेल्या मुलीसाठी एनडीएच बरी. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला सरकारची तयारीची संस्था १९७७ पासून आहेच, मुलींसाठी तशीच नाशिकला निघाली आहे. दहावीनंतर प्रवेश असतो, म्हणजे तुमची वेळ हीच आहे. यवतमाळात कोणी 'गॅरंटीने अधिकारी करतो' म्हणून लाखभर मागत असेल तर ते पैसे वावरात घाला.

सायन्स की आर्ट्स? एनडीएच्या आर्मी विंगला कोणत्याही शाखेची बारावी चालते. त्यामुळं गावाकडं बरेच मास्तर सांगतात की आर्ट्स घे, टक्के पडतील. हे ऐकू नका. नागरी कमर्शियल पायलट लायसन्सला आजवर बारावीचं फिजिक्स आणि मॅथ्स लागत आलं आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी, अंगावर हजारो तासांचं उड्डाण असताना, बारावीच्या दोन विषयांसाठी पुन्हा परीक्षेला बसलेले अधिकारी मी पाहिले आहेत. कर्नलसाहेब ट्रिग्नॉमेट्री घोकताहेत आणि त्यांचीच पोरगी दहावीला आहे, असा प्रकार.

अधिकारी झाली म्हणजे पायलट झाली, असंही नाही. पायलटसाठी वेगळी अभियोग्यता चाचणी असते. जुने लोक तिला पीएबीटी म्हणतात, आता संगणकावर होते. हात, पाय आणि डोळे एकाच वेळी तीन वेगवेगळी कामं करू शकतात का, ते त्यात बघतात. ही आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पुन्हा नाही, आर्मीत नाही आणि एअर फोर्समध्येही नाही. म्हणून ताप अंगात असताना, रात्रभर रेल्वेत उभं राहून जाऊन ती देऊ नये. शिवाय मेडिकल. उंची, पायांची लांबी, बसल्यावरची उंची मोजतात, कारण पाय पेडलपर्यंत पोचले पाहिजेत आणि डोकं वर टेकता कामा नये. यात मेहनतीचा काही उपयोग नाही, शरीर जसं आहे तसं आहे.

आता काम. आर्मी एव्हिएशनची खरी ओळख चीता आणि चेतक या दोन जुन्या हेलिकॉप्टरांनी घडवली. दोन्ही मूळ फ्रेंच, एचएएल या सरकारी विमान कारखान्याने इथं बनवलेली. चीता एक इंजिनाचं, जेमतेम पाच माणसांचं, काचेच्या बुडबुड्यासारखं यंत्र आहे. त्याच जातीच्या लामा हेलिकॉप्टरने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठली होती. उतरताना इंजिन बंद पडलं आणि पायलटने ते नुसत्या पात्यांच्या फिरण्यावर खाली आणलं. हे यंत्र इतकं वर का जातं? त्याचं इंजिन खाली मुद्दाम कमी ताकदीवर चालवतात. वर हवा विरळ झाली की बाकीच्या इंजिनांची ताकद गळते, याची मात्र राखून ठेवलेली ताकद कामी येते.

ही ताकद लागते सियाचिनला. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं आणि तेव्हापासून साल्तोरो रांगेवरच्या चौक्या हेलिकॉप्टरवर जगतात. वरच्या हेलिपॅडला 'हेलिपॅड' म्हणायचं म्हणून म्हणायचं. बर्फ दाबून केलेली, जेमतेम स्किड, म्हणजे हेलिकॉप्टरचे खालचे दांडे टेकतील एवढी जागा. पहाटे निघायचं, कारण थंड हवा जड असते आणि वारा अजून उठलेला नसतो. दोन हेलिकॉप्टरं जोडीनं जातात, एक पडलं तर दुसऱ्याला ठिकाण माहीत असावं म्हणून. इंधन मोजून घ्यायचं, जास्तीचा एक कॅन म्हणजे वरच्या पोराचं एक कॅन रॉकेल कमी. वर टेकल्यावर इंजिन बंद करायचं नाही, कारण बंद केलेलं तिथं पुन्हा चालू होईलच याचा भरवसा नाही. अर्ध्या मिनिटात माल खाली, आजारी जवान आत, आणि निघा. फुप्फुसात पाणी झालेल्या माणसाला सगळ्यात मोठं औषध म्हणजे उंची कमी करणं. नुब्रा खोऱ्यात उतरेपर्यंत त्याच्या ओठांचा रंग बदलताना दिसतो.

या कामाला शौर्य म्हणतात, म्हणू द्या. मला विचाराल तर तो हिशेब आहे. किती वजन, किती तापमान, कोणत्या बाजूचा वारा, आणि इंजिन आत्ता, या सेकंदाला गेलं तर मी कुठं पडणार. हा हिशेब विदर्भातही तसाच लागतो. मे महिन्यात नागपूरला पारा ४५ ला असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, पण तापलेली हवा इतकी पातळ होते की हेलिकॉप्टरच्या दृष्टीने तुम्ही जवळपास १,५०० मीटरवर उभे असता. जानेवारीत चार माणसं घेऊन सहज उठणारं यंत्र मे महिन्यात दुपारी तीनच माणसं उचलतं. हे निवडणुकीच्या काळात पुढाऱ्याच्या पीएला समजावताना नाकी नऊ येतात. त्याच्याकडं बसणाऱ्यांची यादी असते, माझ्याकडं वजनाचा तक्ता.

पैशाचं विचारायला तुम्ही संकोचलात, म्हणून मीच सांगतो. पगार हुद्द्याप्रमाणं, वर उड्डाणभत्ता. सियाचिनला असाल तर अधिकाऱ्याला २०१७ च्या आदेशानुसार महिन्याला ४२,५०० रुपये वेगळे. चांगलं चालतं, पण नागरी पायलटच्या पगाराशी बरोबरी नाही. आणि उतरंड लवकर निमुळती होते. तेरा वर्षांच्या आसपास लेफ्टनंट कर्नल जवळपास सगळेच होतात, निवडीने कर्नल थोडे होतात, पुढं अगदी मोजके. कर्नलची निवृत्ती ५४ ला. वर जाल तसं ऑफिस वाढतं आणि उड्डाण कमी होतं. त्यामुळं वीस वर्षांची नोकरी पूर्ण झाली की प्रत्येक एव्हिएटरच्या घरात एकच चर्चा चालते, आत्ता निघायचं की थांबायचं. अर्ज दिला म्हणजे लगेच सोडतात असंही नाही. दलाला पायलटची गरज असेल तर थांबावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. आर्मीचं उड्डाण नागरी जगात आपोआप चालत नाही. डीजीसीएचं, म्हणजे नागरी उड्डाणावर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याचं लायसन्स वेगळं. लष्करी तास मोजले जातात, पण परीक्षा द्याव्याच लागतात: हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामान, तांत्रिक, आणि रेडिओचा परवाना. क्लास वन मेडिकल. हेलिकॉप्टरच्या कमर्शियल लायसन्सला १५० तास पुरतात, ते कोणत्याही लष्करी पायलटकडं असतात. वरच्या दर्जाच्या एटीपीएलला १,००० तास. तास असणं सोपं, ते दाखवता येणं कठीण. म्हणून लॉगबुक. कोणत्या दिवशी, कोणतं यंत्र, कॅप्टन म्हणून की शेजारी बसून, दिवसा की रात्री, ढगात किती. स्क्वॉड्रनमध्ये तरुण पोरं महिनाअखेरीला हे घाईत भरतात, सही घेतात, विसरतात. वीस वर्षांनी तीच नोंद त्यांची किंमत ठरवते. ज्याने शॉर्टकट म्हणून रात्रीचे तास वेगळे लिहिलेच नाहीत, त्याच्याजवळ ते नाहीत. हेलिकॉप्टर आर्मीचं असतं, लॉगबुक तुमचं. तुमच्या मुलीला मी एकच लाडकं वाक्य सांगेन, तर ते हे.

विमान कंपनीचं विचारलंत. एअरबस किंवा बोइंगला विमानाचं लायसन्स लागतं, त्याचे तास वेगळे, प्रशिक्षण वेगळं, खर्च स्वतःचा, आणि वयाने तुमच्याहून वीस वर्षं लहान पोरांच्या मागं रांगेत उभं राहायचं. काही जण करतात. तिशीत शॉर्ट सर्व्हिस संपवून निघालेल्याला ते जमू शकतं. पन्नाशीच्या कर्नलने त्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हेलिकॉप्टरचाच रस्ता धरावा. नागरी व्यावसायिक उड्डाण ६५ पर्यंत करता येतं, म्हणजे आर्मीने घरी पाठवल्यावरही दहा-पंधरा वर्षं हातात असतात.

त्यात सगळ्यात शिस्तीचं काम समुद्रावरचं. जुहूहून बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर माणसं नेणं-आणणं. दोन इंजिनांचं यंत्र, दोन पायलट, उपकरणांवर उड्डाण. आधी हेलिकॉप्टर पाण्यात उलटलं तर बाहेर कसं यायचं याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं: एका सांगाड्यात बांधून तलावात उलटं करतात. ज्याने आर्मीत ध्रुव उडवलं आहे त्याला इथं सोपं जातं, कारण दोन इंजिनांची सवय असते. आयुष्यभर चीतावर काढलेल्याला नव्याने शिकावं लागतं. डोंगरात हातावर भरवसा ठेवून जगलेला माणूस इथं चेकलिस्ट मोठ्याने वाचतो आणि शेजारच्या तिशीतल्या को-पायलटचं ऐकतो. मला हे काम आवडलं. आमच्या काही मित्रांना कंटाळवाणं वाटलं आणि ते पहाडात परत गेले.

पहाडात म्हणजे केदारनाथ. सुमारे ३,५८० मीटरवरचं देऊळ, खाली फाटा, सिरसी, गुप्तकाशी इथले हेलिपॅड, मध्ये अरुंद दरी आणि दिवसभर ये-जा. एक इंजिनाची हेलिकॉप्टरं, एकच पायलट. चीतावाल्याचा हात इथं अगदी बसतो, म्हणून कंपन्यांना तोच हवा असतो. धोकाही तिथंच आहे. २०२५ च्या मे-जूनमध्ये चारधामच्या वाटेवर लागोपाठ अपघात झाले. १५ जूनला गौरीकुंडाजवळ सात जण गेले. त्यातला पायलट आर्मी एव्हिएशनमधून निवृत्त झालेला होता. डीजीसीएने त्याआधीच फेऱ्या कमी केल्या होत्या. त्या पायलटवर मी बोलणार नाही, मी तिथं नव्हतो. पण या धंद्याबद्दल बोलतो. आर्मीत वर कोणीतरी मरणाच्या दारात असतो, म्हणून तुम्ही ढगाच्या फटीतून जाता आणि ते बरोबरही असतं. केदारनाथला कोणी मरत नसतं. यात्रेकरू उद्या गेला तर देव काही रागावत नाही. पण वीस वर्षं 'जायचंच' हे अंगात भिनलेलं असतं आणि समोर मालक फेऱ्या मोजत असतो. नागरी पायलटला पगार उडण्यासाठी मिळतो तेवढाच न उडण्यासाठीही मिळतो, हे ज्याला पटत नाही त्याने निवृत्तीनंतर कॉकपिटमध्ये बसू नये.

आपल्याकडं विदर्भात हेलिकॉप्टर लोकांना दिसतं ते दोनदाच: निवडणुकीत आणि गडचिरोलीच्या बातम्यांत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, तेव्हा आजाऱ्याला हलवायला आणि मतदानाच्या वेळी दुर्गम केंद्रांवर पथकं पोचवायला हेलिकॉप्टरच लागतं. जंगलात उतरायला सागाच्या आणि मोहाच्या मधली एक मोकळी जागा, आणि उन्हाळ्यात पाचोळा नि धूळ इतकी उठते की शेवटच्या दहा फुटांत जमीन दिसेनाशी होते. सभांचे हेलिपॅड बरे असतात. बांधकाम खात्याची माणसं चुन्याने एच काढतात, टँकरने पाणी मारतात. पण खरी भीती गर्दीची. हेलिकॉप्टर टेकलं की लोक चारही बाजूंनी धावतात. मागचं छोटं पातं इतक्या वेगानं फिरतं की ते दिसतच नाही. भाऊ, कधी तुमच्या गावात उतरलं तर पोराबाळांना पुढच्याच बाजूला धरून ठेवा, आणि पायलटने खूण केल्याशिवाय कोणी जवळ जाऊ नये. सभा लांबली, सूर्य कलला की दुसरी भानगड. अशा उघड्या हेलिपॅडवरून अंधार पडल्यावर उडता येत नाही. नेता कितीही मोठा असो, त्या रात्री तो मोटारीनं जातो. पहिल्यांदा नाही म्हणताना छातीत धडधडतं, मग सवय होते.

उडायचं नसेल तरी पोट भरतं. आर्मीत इन्स्ट्रक्टर झालेल्याला प्रशिक्षणसंस्था बोलावतात. आपल्याच गोंदियाला बिरसीच्या धावपट्टीवर पायलट प्रशिक्षण चालतं. विमानतळांची, सुरक्षेची, हवाई कंपन्यांतल्या देखरेखीची कामं असतात. निवृत्तीच्या आधी आर्मीच पुनर्वसनाचे अभ्यासक्रम करू देते, व्यवस्थापनाचे वगैरे. त्यांचा उपयोग माणसावर आहे.

मी ड्रोनकडं वळलो, आणि हे आपल्या भागाचं असल्याने थोडं थांबून सांगतो. २०१७ मध्ये तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले. डोक्याएवढी पऱ्हाटी, पाठीवर पंप, तोंडाला फडकं, आणि फवारा आपल्याच अंगावर. ड्रोनने निदान माणूस त्या धुक्यातून बाहेर निघतो. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणं परवाना लागतो: वय १८ ते ६५, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. परवाना दहा वर्षं चालतो. बचत गटांच्या बायांसाठी केंद्राची ड्रोन दीदी योजना आहेच. शिकवताना माझ्या लक्षात आलं की पोरं बटणं दोन दिवसांत शिकतात, हवा शिकायला वेळ लागतो. ड्रोनच्या पंख्यांचा खालचा झोत हा हेलिकॉप्टरच्याच झोतासारखा. योग्य उंचीवर तो पानं हलवतो आणि औषध पानाच्या खालच्या बाजूलाही लागतं. फार वर गेलात तर तेच औषध शेजाऱ्याच्या धुऱ्यापलीकडं. आणि लोकांना वाटतं की पहाटेची अगदी निवांत हवा उत्तम. तशी नसते. निवांत पहाटे जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो, बारीक थेंब त्यात लटकून राहतात आणि कुठल्या कुठं सरकतात. हलका, एका दिशेचा वारा बरा. सियाचिनला पहाट चांगली आणि फवारणीला नाही, असं सांगितलं की पोरं माझ्याकडं संशयानं बघतात. हा धंदा म्हणून करायचा तर एका गावावर भागत नाही, हंगाम लहान असतो आणि बॅटऱ्या महाग. चार-पाच गावांचं काम बांधता आलं तर जमतं.

राहिलं तुमच्या घरून आलेलं विचारणं, लग्नाचं. एव्हिएशनमध्ये बदल्या आर्मीच्या बाकी दलांसारख्याच. नवरा-बायको दोघं सैन्यात असतील तर एका ठिकाणी ठेवायचा प्रयत्न होतो, दरवेळी जमतंच असं नाही. पण हा प्रश्न अजून दहा वर्षांनी तिलाच विचारा.

आत्ता करायचं ते एवढं. सायन्स घ्या, मॅथ्स सोडू देऊ नका. क्लासची फी भरायच्या आधी जिल्हा रुग्णालयात किंवा यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात डोळे, रंगदृष्टी आणि कान तपासून घ्या. एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीसची आहे, तेव्हा दहावीच्या सनदेवरची, आधारवरची आणि जन्मदाखल्यावरची तारीख आणि नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते या आठवड्यात बघा. नसेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. मुलाखतीच्या पाच दिवसांत इंग्रजी फर्डं लागत नाही, पण न घाबरता बोलावं लागतं. रोज संध्याकाळी तिच्याकडून पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचून घ्या आणि तिला काय वाटतं ते विचारा, तुम्हाला पटलं नाही तर वाद घाला.